मणिकरण-खीरगंगा: कुंडात उतरायचं कसं आणि बाहेर यायचं कसं

"गरम कुंडात मनसोक्त डुंबा, सगळा शीण निघून जाईल." हिमाचलमधल्या पार्वती खोऱ्यावरचे बहुतेक लेख या वाक्यावर येऊन संपतात. शीण जातो, त्यात खोटं काही नाही. पण किती वेळ डुंबायचं, चढण्याआधी की चढून झाल्यावर, आणि तीन हजार मीटरच्या वाऱ्यात ओल्या अंगाने कपडे कसे बदलायचे, हे कोणी सांगत नाही. मग खीरगंगेच्या कुंडाच्या काठावर डोकं धरून बसलेला, ओठ निळे पडलेला एखादा दिसतो आणि मित्र त्याला "विरळ हवा लागली" म्हणून समजावत असतात. हवा क्वचितच लागते. बहुतेकदा पाणी लागलेलं असतं.

वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे नाहीतर तुरळ-आरवलीची उन्हाळी (गरम पाण्याचे झरे) पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात एक ठरलेला हिशेब असतो: पाय घालायचा, जरा चटकतं, सवय होते, मग बसायचं. मणिकरणला हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. तेव्हा क्रमाने घेऊ.

पोहोचणं आणि मुक्काम

दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची रात्रीची बस धरा आणि मनालीला न जाता भुंतरला उतरा. पार्वती नदी बियासला मिळते ते हे गाव. इथून जरी, कसोल करत मणिकरण साधारण पस्तीस किलोमीटर. हिमाचल परिवहनच्या बस आणि टॅक्सी दोन्ही मिळतात. रस्ता अरुंद आहे, जोडून सुट्या आल्या की कसोलच्या अलीकडे गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात. सोमवार ते गुरुवार गाठता आला तर गाठा.

एप्रिल ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, कितीही स्वस्त पडत असलं तरी. जुलै २०२३च्या पुरात कुलू जिल्ह्यातले रस्ते आणि पूल वाहून गेले होते. हे खोरं पूर नसतानाही पूर्ण बिनधोक नाही: ऑगस्ट २०१५मध्ये मणिकरणच्या गुरुद्वाराच्या इमारतीवर डोंगरातून शिळा कोसळली, मार्च २०२५मध्ये गुरुद्वाराजवळ झाड पडून सहा जण दगावले. वारा किंवा पाऊस सुरू झाला की कड्याच्या पायथ्याशी, झाडाखाली, टपरीच्या आडोशाला थांबू नका, पक्क्या इमारतीत जा.

मुक्काम मणिकरणला करा. शांतता हवी असेल तर वर कलगा किंवा पुलगा या गावांत. कसोल कॅफे आणि गोंगाटासाठी आहे. ते हवं असेल तर हरकत नाही, पण मग गरम पाण्यासाठी रोज गर्दीतून चार किलोमीटर जावं लागेल. एटीएमचा भरवसा कसोल-मणिकरणपर्यंतच, वर रोख लागते. आणि कसोलमध्ये चरस विकणारा स्वतःहून येऊन भेटतो. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५ तिथेही लागू आहे आणि पोलीस वाटेत बॅगा तपासतात.

मणिकरणचं पाणी नीट समजून घ्या

पार्वतीचा मणी पाण्यात पडला आणि शेषाच्या फुत्कारासरशी उसळत्या पाण्याबरोबर वर आला, अशी इथली कथा आहे. भूगर्भाच्या बाजूने पाहिलं तर पाऊस आणि बर्फाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि दाबाने दुसऱ्या भेगेतून वर येतं. व्यवहारासाठी लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की मणिकरण साधारण १७५० मीटर उंचीवर आहे आणि त्या उंचीवर पाणी १०० अंशांना नव्हे, ९४ अंशांच्या आसपास उकळतं. इथले काही झरे जवळपास त्याच तापमानाला बाहेर पडतात. म्हणजे ते 'गरम पाणी' नाही, उकळी आहे. गुरुद्वाराच्या लंगरचे भात-डाळीचे हंडे याच पाण्यात बुडवून शिजवतात. बाहेर तांदूळ आणि हरभऱ्याच्या छोट्या पोटल्या मिळतात. दोऱ्याने बांधून कुंडात सोडायच्या. तांदूळ आधी भिजवलेला असेल तर वीसेक मिनिटांत शिजतो, हरभऱ्याला बराच जास्त वेळ लागतो. दोरा लांब ठेवा आणि कठड्यावरून वाकू नका. वाफेने चष्मा धुरकटतो, काठ शेवाळलेला असतो आणि पुढचं सांगायला नको.

६० अंशांच्या पाण्याने पाच-एक सेकंदांत कातडी खोलवर भाजते. ९० अंशांना सेकंदही लागत नाही. म्हणून मणिकरणमध्ये वाफ निघणाऱ्या कुठल्याही उघड्या पाण्यात, ओघळात, पाइपखाली बोट घालून पाहायचं नाही. लहान मूल बरोबर असेल तर झऱ्यांच्या भागात त्याला कडेवर घ्या, हात धरून चालवू नका, हात सुटतो.

आंघोळीची कुंडं वेगळी आहेत. गुरुद्वारात झऱ्याच्या पाण्यात थंड पाणी मिसळून ते सोसेल इतकं केलेलं असतं, पुरुष आणि स्त्रियांची व्यवस्था स्वतंत्र आहे. आत डोकं झाकलेलं हवं, चपला बाहेर, साबण-शॅम्पू नाही. तिथेच एक गरम गुंफा आहे, जमिनीखालच्या उष्णतेने तापलेली. पाच मिनिटं बसा आणि उठा. 'घाम निघाला की बरं वाटतं' म्हणून अर्धा तास बसणाऱ्यांचं काय होतं ते पुढे येईल.

आता शेजारची नदी. पार्वती ऐन मे महिन्यातही वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहते आणि तिचा जोर वरून दिसतो त्याच्या कितीतरी पट असतो. शिवाय वर पुलग्याजवळ जलविद्युत प्रकल्पाचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं की खाली पातळी एकाएकी चढते. भोंगा ऐकू आला तर फोटो अर्धवट सोडून वर या. नदीतल्या दगडांवर बसून पाय गार करून घेणं हा इथला सगळ्यात मूर्ख विरंगुळा आहे.

आधी चाल, मग पाणी

बहुतेक जण उलटं करतात. सकाळी उठून कुंडात तासभर बसतात, 'अंग मोकळं' करतात आणि अकराला चढायला लागतात. असं करू नये, त्याला तीन कारणं आहेत. गरम पाण्यात घामातून पाणी जातं आणि ते कळत नाही, कारण अंग ओलंच असतं. चढ सुरू होतो तेव्हा शरीरात पाणी आधीच कमी झालेलं असतं. रक्तवाहिन्या सैलावलेल्या असल्यामुळे पहिल्या तासात पाय लटपटतात, धाप लवकर लागते. आणि तिसरं कारण कोणी लक्षातच घेत नाही: अर्धा तास भिजलेली तळपायाची कातडी मऊ पडते, तिच्यावर बूट घासला की दोन किलोमीटरच्या आत फोड येतो. टाचेवर फोड घेऊन बारा किलोमीटर चालण्याची हौस असेल तर जरूर सकाळी डुंबा.

चालून आल्यावरही लगेच उतरायचं नाही. निदान अर्धा तास बसा, श्वास आणि नाडी जागेवर येऊ द्या, अर्धा लिटर पाणी घोट-घोट प्या, मूठभर काहीतरी खा. पोटभर जेवून मात्र नको, जेवण कुंडानंतर. वळणावळणाच्या रस्त्यावरच्या बसप्रवासाआधी दोन तास तरी पाण्यात जाऊ नये, नाहीतर खिडकीशेजारच्याची कीव येते.

खीरगंगेची वाट

मणिकरणहून बर्शैणी चौदा-पंधरा किलोमीटर, बस किंवा टॅक्सी. उतरल्याउतरल्या शेवटच्या बसची वेळ चालकाला विचारा. मोबाइलवर पाहिलेल्या वेळेला अर्थ नाही. बर्शैणीहून खीरगंगा साधारण बारा किलोमीटर, उंची २९५० मीटरच्या आसपास. बेताच्या चालीने चार ते सहा तास. नऊच्या आत पाय उचलले तर दुपारी कुंडाजवळ, उशीर केला तर जंगलात अंधार.

दोन मुख्य वाटा आहेत. नकथान गावावरून जाणारी वाट उघडी आहे, वस्ती आहे, चहा मिळतो, रुद्रनागचा धबधबा लागतो, मग पूल ओलांडून शेवटचा दमवणारा चढ देवदारांतून. दुसरी कलग्यावरून, जवळजवळ पूर्ण जंगलातली. तिची सावली छान असते म्हणून तिची शिफारस फार होते. पण तिला फसवे फाटे फुटतात, वाटेत विचारायला माणूस नसतो आणि पावसानंतर मुळांवरून पाय सटकतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने नकथानवरूनच जावं आणि त्याच वाटेने परतावं. कलग्याची वाट स्थानिक माणूस बरोबर असेल तरच. एकट्याने कुठलीच नको. या खोऱ्यात एकटे गेलेले पर्यटक बेपत्ता झालेले आहेत.

तंबू कुठे लावायचे, लावायचे की नाही, याचे वन विभागाचे नियम बदलत असतात. बर्शैणीत दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. वर जागा विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही. फोनला रेंज नसते, घरी आधीच सांगून ठेवा.

वर पोहोचल्यावर डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर त्या संध्याकाळी कुंड नाही. उंचीचा त्रास आणि गरम पाणी यांची लक्षणं इतकी सारखी असतात की दोन्ही एकत्र झाली तर कशाने काय होतंय तेच कळत नाही. 

कुंडात उतरणं

खीरगंगेचं कुंड कुरणाच्या वरच्या अंगाला, देवस्थानाशेजारी आहे. पुरुषांचं उघडं, स्त्रियांचं बंदिस्त. जोडे लांब काढायचे, साबण नाही, आणि आत जाण्याआधी बाहेर वाहणाऱ्या पाण्याने अंगावरचा घाम-माती धुवायची. ही रीत आहे आणि शहाणपणही, कारण त्याच पाण्यात तुमच्यानंतर पन्नास जण बसणार असतात.

गरम पाणी तळव्याने तपासू नका, तळव्याची कातडी जाड असते. कोपर बुडवा. मनात साठपर्यंत मोजेस्तोवर कोपर ठेवता आलं नाही तर ते कुंड तुमचं नाही, पाय सोडून बसा. दुसरं, कुंडात सगळीकडे पाणी सारखं गरम नसतं. झऱ्याची धार पडते त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त. आणि हलकं गरम पाणी वर तरंगतं, त्यामुळे पावलाला कोमट लागलेलं पाणी छातीला चटका देतं. धारेच्या समोरचा कोपरा धरा, हाताने पाणी ढवळा, मग पायरी पायरीने खाली.

लहान मुलांच्या आंघोळीचा तरंगता थर्मामीटर मिळतो, तो घेऊन जा. ३८ ते ४० अंश असेल तर पंधरा-वीस मिनिटं. ४१-४२ असेल तर दहा. त्याच्यावर बसायचंच नाही, मग शेजारचे काका अर्ध्या तासापासून डोळे मिटून बसलेले का असेनात. ते काका तिथलेच असतात, आणि त्यांना नंतर चालायचं नसतं. मुलांना पाच मिनिटांत बाहेर काढा. वेळ मनाने मोजू नका, घड्याळ काठावर ठेवा. गरम पाण्यात पाच मिनिटं म्हणून जी वाटतात ती बारा निघतात.

डोकं पाण्याबाहेर ठेवा. कोमट-गरम गोड्या पाण्यात एक अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत गेला तर माणूस क्वचितच वाचतो. होण्याची शक्यता फार कमी, पण नाकात पाणी जाऊ न देणं इतकं सोपं आहे की धोका पत्करायचं कारण नाही. श्रद्धेने डुबकी घ्यायचीच असेल तर नाक घट्ट दाबून एकच.

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, ताप, जुलाब, उघडी जखम यांपैकी काही असेल तर उतरू नका. मधुमेहामुळे पावलांची जाणीव कमी झालेल्यांनी पाय सोडून बसतानाही सोबतच्याच्या कोपराचा अंदाज घ्यावा. भाजलेलं त्यांना रात्री मोजे काढताना कळतं. दारू पिऊन उतरणाऱ्यांना सल्ला देण्यात वेळ घालवणार नाही.

बाहेर येणं

सगळा खेळ इथे आहे. लोक उतरायची तयारी करतात, वर येण्याची कोणीच करत नाही.

काय होतं ते आधी पाहा. गरम पाण्यात कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. बसलेलं असताना ते जाणवत नाही, कारण आजूबाजूचं पाणी पायांना चहूकडून दाबून धरतं आणि रक्त वर ढकलत राहतं. तुम्ही झटकन उभे राहता तेव्हा तो दाब जातो, सैल वाहिन्यांतून रक्त पायांत उतरतं, मेंदूला कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. खाली ओला सिमेंटचा काठ असतो. खीरगंगेला भर म्हणून हवेत प्राणवायू कमी आणि दिवसभराच्या चालीने शरीरात पाणी कमी. त्यानंतर लगेच दुसरा मार: ऑक्टोबरच्या संध्याकाळी वारा सुटला की ओल्या, रक्ताने तापलेल्या कातडीवरून उष्णता इतक्या वेगाने जाते की तीन-चार मिनिटांत बोटं बधिर होतात. बोटं बधिर झाली की गुंडी लागत नाही, नाडी सुटत नाही, मोजा चढत नाही आणि माणूस अर्ध्या कपड्यांत कुडकुडत उभा राहतो.

म्हणून पिशवी उतरण्याआधी भरायची, उलट्या क्रमाने. तळाशी जाकीट आणि पाण्याची बाटली. त्यावर मोजे, सैल पायजमा किंवा ट्रॅकपँट. त्यावर स्वेटर, कानटोपी, बनियन. सगळ्यात वर दोन पंचे. हो, पंचे, टर्किश टॉवेल नाही. टर्किश टॉवेल त्या थंडीत दोन दिवस वाळत नाही आणि ओला झाला की वीटेसारखा जड होतो. सुती पंचा पिळून झटकला की पुन्हा अंग पुसायला तयार. जीन्स अजिबात नको, ओलसर मांड्यांवर ती गुडघ्यापाशीच अडकते. गुंड्या, नाड्या, चेन काही नको, सगळं इलॅस्टिकचं. पिशवी काठापासून हातभर लांब, कोरड्या दगडावर, तोंड तुमच्याकडे करून. चपला तिथेच, पावलं घालायच्या दिशेने वळवून. ओल्या कपड्यांसाठी एक प्लास्टिकची थैली बाहेरच्या कप्प्यात.

घड्याळात ठरलेली वेळ झाली, की उभं राहायचं नाही, वर सरकायचं. आधी एका पायरीवर, पाणी कमरेपर्यंत येईल असं. तिथे दोन मिनिटं. मग काठावर बसा, पाय गुडघ्यापर्यंत पाण्यातच. आता वरचं अर्धं अंग उरकून घ्यायचं, हीच युक्ती आहे: पाय गरम पाण्यात असेपर्यंत थंडी फारशी धरत नाही. पहिल्या पंच्याने डोकं आणि मान कोरडी करा, मग छाती-पाठ, मग बनियन, कानटोपी, स्वेटर. स्वेटरची खालची कड दोन घड्या वर दुमडा, नाहीतर ती ओल्या चड्डीचं पाणी वातीसारखी वर ओढून घेते. एव्हाना चार-पाच मिनिटं गेलेली असतात आणि रक्तदाब सावरायला तेवढा वेळ हवाच होता.

मगच पाय बाहेर. चपला घाला, कशाला तरी धरून हळू उभे राहा, दहा आकडे मोजा. डोकं गरगरलं तर खाली बसा, लाज नको. ठीक वाटलं तर दुसरा पंचा कमरेला गुंडाळून ओलं उतरवा, पाय पुसून पायजमा, मोजे. बोटांच्या बेचक्या नीट पुसा, उद्या याच पायांनी उतरायचं आहे. स्त्रियांच्या बंदिस्त कुंडाजवळ वारा कमी लागतो, पण जागा अपुरी असते आणि खुंट्या मिळतील याची खात्री नाही. छातीशी बांधलेला परकर किंवा सैल गाऊन घालून उतरलं तर त्याच्या आतूनच वरचं बदलून घेता येतं. ओले लांब केस ही खरी अडचण; ते आधीच वर घट्ट बांधा आणि भिजवूच नका. त्या थंडीत ते रात्रभर वाळत नाहीत.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. कपडे घातल्यावरही दहा-पंधरा मिनिटं अंगातून घाम येत राहतो, कारण आत साठलेली उष्णता बाहेर पडत असते. लोक लगेच जाकीट चढवून स्लीपिंग बॅगेत शिरतात, आतला थर घामाने ओला होतो आणि मध्यरात्री दात वाजायला लागतात. मग दोष तंबूवाल्याच्या रजईला. जाकीट लगेच घालायचं नाही, खांद्यावर टाकायचं. निवाऱ्यात जाऊन बसा, मीठ-साखरेचं किंवा ओआरएसचं पाणी प्या, मग चहा. पाव तासाने पाठीवर हात फिरवून पाहा. बनियन दमट लागेलच. ते काढून दुसरं कोरडं घाला, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट. हे एक जादा बनियन नेण्याचं वजन शंभर ग्रॅमही नाही.

कोणी चक्कर येऊन पडलाच तर आधी डोकं पाण्याबाहेर धरा, मग माणसांच्या मदतीने काठावर आडवं करा, पाय उंच, अंगावर कोरडं पांघरूण. तोंडावर गार पाणी मारू नका, अर्धवट शुद्धीत पाणी पाजू नका. साधी चक्कर असेल तर मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध येते. त्यानंतर अर्धा तास उठवायचं नाही. छातीत दुखत असेल, बोलणं असंबद्ध असेल किंवा शुद्ध येत नसेल तर वाट न पाहता खाली न्यायची सोय करा. वर डॉक्टर नाही, म्हणूनच कुंडात एकट्याने कधीच उतरायचं नाही. रात्री चांदण्यात एकट्याने तर नाहीच.

उतरणं आणि वशिष्ठ

दुसऱ्या दिवशी कुंड टाळून सरळ खाली या. कारण वर आलंच आहे: मऊ कातडी, लांब वाट. उतारावर अंगठ्याची नखं बुटाला आपटतात, आदल्या दिवशीच कापा.

एक दिवस हातात असेल तर भुंतरला परत येऊन मनालीकडे, सुमारे पन्नास किलोमीटर. मनालीपासून तीन किलोमीटरवर वशिष्ठ गाव, ऋषींच्या मंदिराला लागूनच पुरुष आणि स्त्रियांची वेगळी दगडी कुंडं. पाणी बसण्याजोगं असतं, तरी कोपराची परीक्षा इथेही घ्याच. सकाळी गावातूनच जोगिणी धबधब्याची वाट धरा, रमतगमत तासाभराची. परत आल्यावर कुंड. उलटं नाही.

वशिष्ठच्या पाण्याला गंधकाचा वास आहे. त्या पाण्याने चांदी काळी पडते, म्हणून पैंजण, जोडवी, अंगठी आधी काढून ठेवा आणि कॉन्टॅक्ट लेन्सही. विसरलात आणि काळी पडलीच, तर घासू नका. घरी आल्यावर भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, तिच्यावर चांदी टेकवून ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी घाला. काही मिनिटांत काळेपणा फॉइलवर उतरतो. खडे जडवलेल्या दागिन्यांना हे करू नका, ते सोनाराकडे द्या.